अप्पांना रडवणारी कादंबरी

४ मे १९३६, पंचवटी
सुट्टी. इतिहासाच्या एम. ए.ची पुस्तकं अजून ट्रंकेतच. अप्पांना मोतीबिंदू, म्हणून दुपारी पानसुपारी झाली की त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. घरात हे काम माझं. आज तिसरी संपली. नायक पुन्हा तोच: विलायतेहून परतलेला, टेनिस खेळणारा, भेटताक्षणी प्रेमात. पोटापाण्याचं काय, लेखक सांगत नाही. इतिहासात असलं लिहिलं तर सर वही भिरकावतील.

९ मे
वाचनालयातून मुद्दाम विधवेची कादंबरी आणली. थोरल्या आक्काला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचंय, शिक्षिका व्हायचंय. मेहुणे गेल्यापासून इथे पोळ्या लाटतेय. पण अप्पांजवळ विषय काढणार कोण? म्हटलं, आधी मन मऊ करू.

१२ मे
काम फत्ते! सासरा नायिकेची पुस्तकं चुलीत घालतो तिथे अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. "काय राक्षस असतात एकेक!" आक्का माजघराच्या दाराआडून ऐकत होती. तिची जागा तीच.

१३ मे
विषय काढला. अप्पा: "माझी लेक एकटी पुण्यात राहणार? लोक तोंडात शेण घालतील." म्हटलं, काल तर रडलात! "अरे, ती कादंबरी!"
अश्रूंना पुरावा समजलो. शोभलो एम. ए.ला! अप्पांचा संताप येतोच, पण त्या लेखकाचा जास्त. रडून मोकळं व्हायची काय स्वस्त सोय करून ठेवलीय.

१५ मे
उरलेली कादंबरी एकट्यानेच वाचून काढली. शेवटी नायिका विहिरीत. आक्काला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "पुढे तिचं काय करायचं ते सुचलं नसेल त्याला. म्हणून मारली."


१७ मे
घसा बसलाय (खरंच). आक्का माजघरातून बाहेर आली, अप्पांसमोर बसली, शेवटचं प्रकरण उघडलं. विहीर आलीच नाही. नायिकेने ट्रंक भरली, टांग्याने स्टेशन गाठलं, कल्याणला गाडी बदलली, पुण्याला उतरली. पानावर यातलं एक अक्षर नव्हतं. आक्का कुठे अडखळली नाही.
अप्पांचं उपरणं आज खांद्यावरच. म्हणाले, "आणि बापाने जाऊ दिलं तिला?"
आक्काने पुस्तक मिटलं. "ते अजून लिहिलेलं नाही, अप्पा."
चहाची वेळ टळून गेली. आक्का उठलेली नाही. अप्पाही नाहीत.