तळावरच्या शांततेचा हुकूम मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
मालवाहू वाहनतळ विभाग,
घाऊक बाजार.

विषय: रात्रीच्या मुक्कामी वाहनतळावर लागू केलेला शांततेचा हुकूम आजच्या आज मागे घेण्याबाबत.

संदर्भ: १) याच अर्जदाराचा, हाच हुकूम आजच्या आज लागू करण्याबाबतचा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाने दाखवलेली अनपेक्षित तत्परता.

महोदया,

अर्जदार हा पेशाने ट्रकचालक असून आपल्या बाजारात भाजीपाला आणतो. ट्रक त्याच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या मालकीचा आहे (यापुढे त्यांचा उल्लेख 'दाजी' असा केला आहे). दाजींनी अर्जदारास पूर्वीच बजावले होते की, माल नासला तर नातं नात्याच्या जागी आणि किल्ली माझ्या खिशात. अर्जदारास गाडी हाकण्यापलीकडे दुसरे काही येत नाही. किल्ली गेली तर त्याला बहिणीच्या ओसरीवर बसून दाजींचे टोमणे गिळावे लागतील, ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

१. बाजाराचे फाटक उघडेपर्यंत सर्व गाड्या तळावर उभ्या असतात व चालक आपापल्या केबिनमध्ये झोपतात. निदान अर्जदार झोपण्याचा प्रयत्न करतो. इतरांस रीतभात म्हणून काही असते याचा गंधही नाही. उजवीकडचा दुधाचा टँकरवाला खिडकीतून दोन्ही पाय बाहेर काढून बायकोशी फोनवर बोलतो, आणि तेही आवाज मोठा करून. त्यामुळे त्याच्या सासूबाईंचे गुडघे, मेहुणीचे फिसकटलेले लग्न व त्याच्या स्वतःच्या मूळव्याधीची प्रगती रांगेतल्या प्रत्येकास तोंडपाठ आहे. डावीकडचा कोंबडीवाला झोपण्यापूर्वी असा घसा खाकरतो की विहिरीतून बादली वर येत असल्याचा भास व्हावा. मग जे वर येते ते तो न बघता खिडकीबाहेर सोडतो. एकदा ते अर्जदाराने आरशावर वाळत घातलेल्या धुतलेल्या टॉवेलावर येऊन पडले. विचारले असता "वाऱ्यानं गेलं, काका" असे उत्तर मिळाले. रांगेत चाकांमागे भरलेल्या बाटल्या ठेवलेल्या असतात. त्यांत काय असते हे आपल्यासारख्या अधिकाऱ्यांस लिहिणे सभ्यतेला धरून नाही. पाणी नसते, एवढे नमूद करतो.

२. या सगळ्यांवर कडी म्हणजे थाप. फाटकावर नंबर पुकारला की जो जागा असेल तो शेजारच्या केबिनच्या दारावर तळहाताने थाप मारून "ऊठ रे, नंबर लागला" असे ओरडतो. तो उठला की पुढच्याला थाप मारतो, अशी ही थाप रांगभर फिरते. केबिनमध्ये झोपलेल्याचे डोके नेमके त्याच पत्र्याला टेकलेले असते. आपल्या कानाशी कोणी परात बडवली तर काय वाटेल, याचा महोदयांनी विचार करावा. अर्जदाराने या रानटीपणाचा मनस्वी तिटकारा येऊन संदर्भ क्रमांक एकचा अर्ज दिला.

३. त्यावर आपण हुकूम काढला. तळावर कोणी मोठ्याने बोलू नये, पुकारा करू नये, विनाकारण इंजिन चालू ठेवू नये व दुसऱ्याच्या वाहनास हात लावू नये, असा फलक फाटकापाशी लागला. अर्जदारास आनंद झाला, हे तो लपवत नाही. एवढ्यावर न थांबता त्याने आपल्या केबिनच्या दारावर स्वखर्चाने रंगवून घेतले: "झोपलो आहे. उठवू नये. हुकमावरून."

४. त्या रात्री अर्जदाराच्या गाडीत कोबी होता. तळावर जे घडले ते अर्जदारास नंतर फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून कळले. अर्जदाराचा नंबर लागला तेव्हा पहारेकऱ्याने हुकमाचे पालन करून तो कुजबुजत पुकारला. टँकरवाल्याने बायकोला "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला. लग्न झाल्यापासून हे प्रथमच घडले असावे. कोंबडीवाल्याने पिंजऱ्यांवर ताडपत्री ओढली, चपला काढून हातात घेतल्या, अर्जदाराच्या दाराशी येऊन पाटी वाचली आणि तोंडावर बोट ठेवून इतरांना पुढे जाण्याची खूण केली. साऱ्या गाड्या एकामागून एक, हॉर्न न वाजवता, दार न आपटता, अर्जदाराला वळसा घालून फाटकातून आत गेल्या. इतकी सभ्यता या मंडळींच्या सात पिढ्यांत कोणी दाखवली नसेल! ही सभ्यता दुष्ट हेतूने दाखवण्यात आली, असा अर्जदाराचा स्पष्ट आरोप आहे. गजर का लावला नाही, अशी विचारणा आपल्याकडून होईल. नंबर केव्हा लागणार हे फाटकालाही ठाऊक नसते, तर गजराला कुठून कळणार?

५. अर्जदारास जाग आली ती तोंडावर ऊन आल्यामुळे. नंबर बाद झाला होता. दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने ताडपत्रीचे टोक उचलले, नाकाला रुमाल लावला व निघून गेला. कोबी सडतो तेव्हा काय होते, हे महोदयांनी स्वयंपाकघरात पाहिले असेल. ते ट्रकभर कल्पावे. पिवळट पाणी फळ्यांतून गळून अर्जदाराच्या चपलांपर्यंत आले. माश्या केबिनमध्ये बिऱ्हाड करून राहिल्या. तो माल टाकून दिल्यावर अर्जदाराने हौदा तीनदा घासला, तरी वास जात नाही. अर्जदाराला आता स्वतःच्या अंगाचीही किळस येते व तो हात नाकाजवळ नेण्याचे टाळतो.

६. यावर निर्लज्जपणाची हद्द अशी की, शेजारच्या मंडळींना या दुर्गंधीविरुद्ध आपल्याकडे तक्रार करायची होती, पण अर्ज लिहिता येईना. म्हणून ते अर्जदाराकडेच आले. "तुमच्यासारखं कुणाला जमत नाही, काका," असे म्हणाले. अर्जदाराने तो लिहून दिला. खोटे कशाला बोलावे, तक्रार खरी होती आणि मसुदा चांगला झाला.

७. दाजी किल्ली घ्यायला निघालेच होते. बहीण त्यांच्यापुढे रडली, तेव्हा त्यांनी अर्जदारास अखेरची एक खेप दिली. ती खेप, म्हणजे फ्लॉवर, आज याच तळावर याच गाडीत उभी आहे. मागल्या खेपेपासून अर्जदार धड झोपलेला नाही. झोपला तर नंबर जाईल, न झोपला तर उद्या परतीच्या घाटात डोळा लागेल आणि मग किल्ली परत करायलाही कोणी उरणार नाही. दारावरची पाटी त्याने रॉकेलने पुसली. शेजाऱ्यांस हात जोडून सांगितले की बाबांनो, पूर्वीसारखी थाप मारा. ते म्हणाले, "पाटी पुसली, पण फाटकावर फलक आहे ना, काका. हुकूम म्हणजे हुकूम." आणि सगळे एकमेकांकडे बघून, अजिबात आवाज न करता, हसले.

तरी नम्र विनंती की, सदर हुकूम मागे घेण्यात यावा. ते आज शक्य नसल्यास निदान या एका रात्रीपुरती लेखी सूट द्यावी व अर्जदाराच्या केबिनच्या दारावर कोणासही, कितीही जोराने, थाप मारण्याची परवानगी असावी. कोंबडीवाल्यास याबाबत विचारले आहे. "माझा हात केव्हाही तयार आहे, फक्त मॅडमची सही आणा," असे त्याने कळवले आहे. पहारेकरी हा अर्ज घेऊन आपल्या बंगल्याच्या दाराशी उभा आहे. हुकमामुळे तो कडी वाजवणार नाही. कृपया आपणच दार उघडून पाहावे.

आपला,
डोळे ताणून बसलेला,
(सही)
कोबीवाला, सध्या फ्लॉवरवाला,
भिंतीकडची रांग.
दिनांक: आजचा. उद्याचा चालणार नाही.

सोबत:
१) दुर्गंधीबाबत शेजारी चालकांचा अर्ज (अक्षर अर्जदाराचे, सह्या त्यांच्या).
२) कोबीचे एक पान, डब्यात. पुरावा म्हणून. डबा उघडल्यास परत करू नये.