सरळ जागी वाकडा शब्द

प्रिय झोंगरुई,

तुमची बायको विरहाने झुरून काडी झाली आहे, ही बातमी मला सूचौच्या घाटावरून कळली. तुमची कविता राजधानीतल्या गाणारणींनी उचलली, त्यांच्याकडून नावाड्यांनी, आणि नावाड्यांकडून शेजारच्या माओकाकूंनी. काकू बदकाचा रस्सा घेऊन धावतच आल्या. "पोरी, बाह्या पिळाव्या लागतात इतकं रडतेस म्हणे!" मी तेव्हा रेशीमकिड्यांसाठी तुतीच्या पानांची दुसरी पाटी उतरवत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "कवितेत कंबर बारीक झालीय ना गं?" असं विचारलं आणि भांडं हळूच मागे ओढलं. मी ते सोडलं नाही.

बायकोच्या तोंडून विरह गायची तुम्हा कवींची खोड जुनीच. राजधानीतले सगळे दाढीवाले धुळीने भरलेल्या आरशासमोर उसासे टाकत बसलेत म्हणे. पण निदान झाड तरी आपलं ठेवायचं! अंगणात संत्र्याचं झाड, आणि कवितेत पाऊस टपकतो वूथोंग वृक्षाच्या रुंद पानांवर. आता पाऊस आला की लोक ते झाड बघायला येतात, आणि सासूबाई "कालच तोडलं हो" म्हणून सांगतात. झाड का बदललंत, ते मला कळलं. लग्नानंतर जेवणाच्या काड्यांनी ताटलीवर ठोकून तुम्हीच शिकवलं होतंत, की शब्दाचा सूर एक तर सरळ असतो नाहीतर वाकडा, आणि ओळीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. संत्र्याचा सूर वाकडा, जागा सरळ. झालं, झाड उपटलंत! आलियानला हे समजावलं, तर सात वर्षांची तुमची लेक म्हणते, "म्हणून मी पण नाही का बाबांच्या कवितेत?" तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती.

ज्यासाठी गेलात, त्या दरबारी नोकरीच्या परीक्षेचा निकाल वसंतातच लागला असणार. तुम्ही अवाक्षर कळवलं नाहीत. काल पत्र आलं: प्रकृती उत्तम, मित्र पुष्कळ, राजधानी सोडवत नाही. सोबत नव्या कवितेच्या आठ ओळी. आम्ही मायलेकी काड्या घेऊन बसलो. सात ओळी टकाटक गेल्या. आठवीत पोर थांबली. "आई, बाबा चुकले." मी तीनदा ठोकून पाहिलं. सरळ जागी वाकडा शब्द बसवलाय, आणि शब्द कुठला, तर संत्रं. एवढ्यावर परीक्षक कागद भिरकावून देतात. आणि तुम्ही तर तापात बरळतानाही सूर चुकला नव्हतात.

म्हणून हे पत्र. जीव घरात अडकलाय, पण चौथ्यांदाही नापास झालात आणि घरी तोंड कसं दाखवू म्हणून तिथे बसून आहात, हे त्या एका शब्दाने मला सांगितलं. मलाही तुमची फार आठवण येते हो. बाह्या भिजत नाहीत, कारण त्या दिवसभर कोपरापर्यंत गुंडाळलेल्या असतात. संत्री पिकली. सगळी उतरवली, फक्त वरची फांदी ठेवली आहे. आलियानचा हात तिथे पोचत नाही, आणि शिडी मला पेलत नाही, इतकी मी झुरले आहे. तुम्ही येऊन तोडा. आणि ती ओळ दुरुस्त करू नका.

तुमचीच, जराही न वाळलेली,
सूनिआंग