सासूबाईंचा काटकोन

आदरणीय दादा,

वाकून नमस्कार. (वाकण्यातलं मला गेल्या आठवड्यापासून थोडंफार कळू लागलं आहे, तेव्हा हा नमस्कार आधीच्यांपेक्षा खरा समजावा.) तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला असेल. इकडे तुमच्या आईंसकट सगळे खुशाल, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख सोडून.

तुमच्या बहिणीनं शाळेच्या चाळीस गणवेशांचं काम अंगावर घेतलंय, ते तुम्हाला ठाऊक आहेच. सोमवारी तिच्या शिलाई मशीनची मोटर ज्या पत्र्याच्या तुकड्यावर बसते, तोच मोडला. तळहाताएवढा, काटकोनात वाकवलेला, चार भोकांचा. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. शनिवारी कपडे पोचले नाहीत तर पुढच्या वर्षी शाळा दुसरा शिंपी बघेल. मी बोलून बसलो, की एवढंसं तर आहे, घरीच करतो. (एकतीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला काटकोनाची भीती कसली?)

जिन्याखालच्या खोलीत टेबलाला वाईस, म्हणजे लोखंडी पकड, आवळला आणि पत्रा त्यात धरून हातोडीनं बडवला. काटकोन झाला. वाईस सैल केला, तर तो आपोआप थोडा उघडला, मास्तरांची पाठ वळल्यावर वर्ग सैलावतो तसा. शिवाय अंगभर पोचे. दुसऱ्या तुकड्यात पत्र्याची जाडी धरायला विसरलो, म्हणून भोकं बोल्टांपर्यंत पोचेनात. (रेषेला जाडी नसते, हे मीच शिकवत आलो.) तिसऱ्या वेळी खूण नीट दिसावी म्हणून खिळ्यानं खोल रेघ ओढली, आणि पत्रा नेमका तिथेच तडकला. मी खाली बसलो. बुधवार संपत आला होता.

दारात सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे. म्हणाल्या, ‘‘जावईबापू, पत्र्यालाही कापडासारखा उभा-आडवा धागा असतो. तुम्ही धाग्याच्या बाजूनंच मोडताय. त्याच्यावर आडवा वाक द्या.’’ मग चष्मा लावून आत आल्या. नव्या पत्र्यावरून अंगठा फिरवला, पेन्सिलीनं हलकी खूण केली. आधी एक कपटा वाकवून सोडून दिला आणि तो किती परत येतो ते नुसतं बघत राहिल्या. ‘‘हा एवढा मागे येणार. मग आपण तेवढं पुढे न्यायचं.’’ पत्रा वाईसमध्ये आवळला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि लाकडावरच हळूहळू ठोकत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. घाई नाही, जोर नाही. काटकोनाच्या जरा पुढे नेला आणि सोडला. पत्रा सावकाश मागे आला आणि थांबला.

मी गुण्या लावून उजेडासमोर धरला. कुठूनही प्रकाशाची रेघ येईना. दादा, मी हजारो मुलांना काटकोन दाखवला, पण स्वतः तो पहिल्यांदा पाहिला असं मला वाटलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई, बोटं सांध्यांत सुजलेली, आणि ती बोटं पत्र्याचं मन ओळखतात. सासूबाईंनी फक्त विचारलं, ‘‘हात धुवायचा साबण कुठेय?’’

लग्नाआधी वडिलांच्या ट्रंकांच्या कारखान्यात त्यांनी नऊ वर्षं हेच केलं म्हणे. तुम्हाला माहीत होतं का? तुमची बहीण मला म्हणते, ‘‘मी तुम्हाला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, तुम्ही मान डोलावली होती.’’ शनिवारी दुपारी चाळीस गणवेश गेले. मशीन आता पूर्वीपेक्षा कमी थरथरतं.

सर्वांना यथायोग्य सांगावं.

तुमचा,
(अजून शिकत असलेला) मास्तर

ता. क. : आईंना तिकडची हवा मानवते, तेव्हा त्यांना लवकर न्यावं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मिळालंच नाही असं समजावं. त्यांना निदान सहा महिने इथे राहू द्या, ही विनंती. मला पत्र्याच्या डब्याचं झाकण करायला शिकायचं आहे.

ता. क. २ : हे पत्र आईंनी वाचलं. त्या म्हणतात, रविवारी न्यायला ये, जावयांच्या हाताला वळण लागेपर्यंत थांबायचं तर हा जन्म पुरणार नाही.

ता. क. ३ : (हे पाकीट चिकटवता चिकटवता लिहितोय.) रविवारी तुमची गाडी चुकावी. कारण तुमचं तुम्हीच शोधा. मला खोटं नीट लिहिता येत नाही, हे त्या हवेच्या वाक्यावरून तुम्ही तेव्हाच ओळखलं असेल.