ठिगळ पायाकडे

२ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी घसा फोडून बोलते आणि तुला नुसती घरघर ऐकू येते, म्हणून पत्रच लिहिते. काल मोठ्या डॉक्टरांशी बोलणे झाले. आईच्या दुखण्यावर करण्यासारखे आता काही राहिलेले नाही, असे ते म्हणाले. यापुढे तिला दुखू द्यायचे नाही, एवढेच काम. घरी तुझ्याच्याने तिला कुशीवर वळवणेही होणार नाही. अशा रोग्यांसाठीची दोन शुश्रूषागृहे त्यांनी सुचवली आहेत, एक तळ्याजवळचे आणि एक बस डेपोच्या मागचे. आईला कोठे ठेवायचे ते आपण ठरवायचे.

मला एप्रिलच्या आधी रजा नाही. कारखान्यात तपासणीला मी आणि एक नवा माणूस, दोघेच आहोत. म्हणून पाहण्याचे काम तुझ्यावर टाकते. सोबत एकवीस प्रश्नांची यादी आहे. प्रत्येक ठिकाणी सगळे विचार आणि समोर हो किंवा नाही लिही. मला नीट कळते की मी तुला काय सांगते आहे. पण या घडीला यादी करण्यापलीकडे माझे डोके चालत नाही.

तुझी,
घुमी


७ मार्च

चि. घुमीस,
अ. उ. आ.

यादी पोचली. एकवीस प्रश्न! मला इस्पितळाच्या लाँड्रीत घेतलं तेव्हा दोनच विचारले होते. पाठ दुखते का, आणि उद्यापासून येतेस का. तेवढ्यावर मी अडतीस वर्षं काढली आणि त्या यंत्रांपायी कानही घालवले. तू बाटल्यांची झाकणं तपासतेस, त्यामुळे तुला जगात सगळीकडे रकाने दिसतात. असो.

तळ्याजवळच्या घरी आधी गेले. दारातच एक बाई दात दाखवत उभी. तुझा एकेक प्रश्न वाचला, तिने एकेकाला हो म्हटलं. मी मध्येच विचारलं की इथे आजवर कोणी मेलंय का, तर त्यालाही हसून हो म्हणाली. भिंतीवर सर्टिफिकिटं, अंगणात कारंजं. मग मी म्हटलं, पलंग दाखवा.

चादर पांढरीफेक, आणि पुठ्ठ्यासारखी कडक. चांगली खळ घातलेली. अगं, खळीची चादर हॉटेलात शोभते. हाडं वर आलेल्या माणसाच्या पाठीखाली ती म्हणजे कानस. ती चादर बघायला येणाऱ्यांसाठी होती, झोपणाऱ्यासाठी नव्हती. मग बाथरूमला जाते असं सांगून मी मागच्या अंगणात गेले. दोरीवर अकरा चादरी. आत वीस माणसं अंथरुणाला खिळलेली. उरलेली नऊ काय कालच्याच चादरीवर झोपतात?

डेपोमागच्या घराचा रंग उडालाय आणि फाटक कुरकुरतं. मला ऐकू येत नाही, हाताला कळलं. तिथल्या मोठ्या सिस्टरने तुझ्या तीन प्रश्नांना माहीत नाही म्हटलं. अकराव्या प्रश्नाला कोणाची तरी घंटा वाजली तशी ती मला वाक्याच्या मध्यात टाकून पळाली, ती परत आलीच नाही. मला आवडली.

तिथल्या चादरी जुन्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. बऱ्याच चादरींना एका टोकाला ठिगळ. मी सगळे पलंग बघत गेले. प्रत्येक पलंगावर ठिगळ पायाकडे. एकही डोक्याकडे नाही. एक चष्मेवाली मावशी अंथरूण घालत होती, तिला कारण विचारलं. ती माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडली की शिवण पाठीला टोचते, आणि मग बाई कुठून आल्यात असं माझ्याकडे बघायला लागली. दोरीवर चादरी मोजता मोजता मी थकले. डाग पुरते गेलेले नव्हते. पण डाग न जाणं हा सोड्याचा दोष, चादरी कमी असणं हा माणसाचा.

माझं मत डेपोमागे. तुझ्या यादीत चादरीचा प्रश्नच नाही. एकवीस लिहिलेस आणि हा विसरलीस.

मायेत कसर नको,
तुझी आजी


११ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तरांवरून मी गुण दिले. तळ्याजवळचे घर एकवीस, डेपोमागचे सात. तरी तू म्हणतेस तसेच करू. चादरींतले मला कळत नाही, तुला कळते. मी कागदपत्रे डाकेने पाठवली आहेत, मोठ्या सिस्टरनी सोळा तारीख दिली आहे.

एकच मागणे. आई तिथे गेल्यावर तू रोज जाऊन तपासत जा. पाठ, टाचा, ओठ. काही चुकीचे दिसले की लगेच कळव. जागा बदलता येते.

आई फोनवर फार हळू बोलते. काल मला म्हणाली की जेवलीस का. मी हो म्हटले. फोन तसाच चालू होता.

तुझी,
घुमी


१८ मार्च

चि. घुमीस,
अ. उ. आ.

परवा तुझ्या आईला हलवलं. खिडकीजवळचा पलंग मिळाला. खिडकीतून बसगाड्यांची टपं दिसतात.

मी रोज दहाला जाते. टाचा बघते, पाठ बघते, ओठांना मलम लावलंय का बघते. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे का बघते. काल शेजारच्या रिकाम्या पलंगावरची घंटा मी मुद्दाम दाबली आणि आकडे मोजत बसले. चाळीसच्या आत मावशी धावत आली आणि मला बघून असं काही बोलली की ऐकू आलं नाही हे बरंच झालं. दुखण्याचं औषध घड्याळ लावून देतात. चूक म्हणून सापडत नाही.

दहा मिनिटांत सगळं बघून होतं. मग मी घरी येते. तू विचारशील की बसत का नाहीस. बसून काय करू? तिचा आवाज सुईएवढा राहिलाय, तो मला ऐकू येत नाही. मी ओरडले तर ते तिला सोसत नाही. ती ओठ हलवते, मी मान हलवते, की दोघींनाही कळतं की काही कळलं नाही. त्यापेक्षा घरी कपडे धुतलेले बरे. घरात मी एकटी, तरी रोज बादली भरते. धुतलेलंच परत धुते.

रडू येत नाही. तुला येतं का ते कळव. यादीत बाविसावा प्रश्न घाल: मुलगी कधी येणार.

आठवण असू दे,
तुझी आजी


२२ मार्च

चि. घुमे,
गोड आशीर्वाद.

अक्षर माझे नाही. चष्मेवाली मावशी लिहिते आहे, ती म्हणते शुद्धलेखन बघू नका. मी सांगते, ती लिहिते, आणि मध्ये मध्ये आम्ही थांबतो.

तुझ्या आजीने इथे सगळ्यांना सळो की पळो करून सोडले आहे. परवा तिने सूपची वाटी उलटी करून तळ बघितला. मावश्या तिला मोठ्या साहेब म्हणतात. दहाला येते, मला अशी तपासते जणू मी लाँड्रीतून परत आलेले गाठोडे. सगळे बरोबर आहे म्हटल्यावर तिचे काम संपते आणि ती पिशवी उचलते. दाराशी जाईपर्यंत मी तिची पाठ बघते. मी हाक मारली तर तिला ऐकू जात नाही.

म्हणून मी एक लबाडी केली. मावशीला म्हटले, दहाला पाच कमी असताना माझी चादर उलटी घाला, ठिगळ डोक्याकडे. मावशी तयार होईना. तिला वाटले डोक्यावर परिणाम झाला. मग तिने एक अट घातली की तासाभराच्या वर नाही. काल पहिल्यांदा केले. आजीने ठिगळ पाहिले आणि तिच्या अंगात जणू वारे शिरले. मावशीला बाजूला सारून तिने सगळे अंथरूण स्वतः काढले. त्यासाठी मला कुशीवर घ्यावे लागते. एका हाताने मला छातीशी धरून दुसऱ्या हाताने ती चादर ओढते. मग दुसरी कूस. मी लहान असताना अशीच अंघोळ घालायची, बोलायची नाही, घट्ट धरायची. तिच्या अंगाला अजून साबणाचा वास येतो. तास लागला. शिवण थोडी टोचते, तेवढे चालते.

आजीला सांगू नकोस. ती लगेच येणे थांबवेल, किंवा रडेल, आणि दोन्ही तिला जमणार नाही.

तुला जमेल तेव्हा ये. पण फार हिशेबाने जमवू नकोस. मावशी म्हणते, हे वाक्य तिने दोनदा लिहायला हवे. फार हिशेबाने जमवू नकोस.

तुझी,
आई


२४ मार्च

चि. घुमीस,
अ. उ. आ.

माझंच चुकलं. तू म्हणत होतीस ते तळ्याजवळचं घर बरं होतं. इथली माणसं चार दिवस नीट वागतात आणि मग ढिली पडतात.

लागोपाठ तीन दिवस तुझ्या आईच्या पलंगावर ठिगळ डोक्याकडे! जाड शिवण थेट खांद्याखाली. खांद्याला लाल रेघ उठली होती. ती चष्मेवाली, जिने मला शहाणपणा शिकवला होता की शिवण टोचते, तिच्याच हातचं हे काम. पहिल्या दिवशी मी बोलले तेव्हा चुकलं म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत तेच. काल मी तिला इतकं फैलावर घेतलं की समोरच्या पलंगावरचा म्हातारा उठून बसला, तो म्हणे आठवडाभर उठला नव्हता. आणि ही बया गप्प उभी. उलट बोलत नाही, मान वर करत नाही. माणूस चुकला की वाद घालतो, घुमे. ही वाद का घालत नाही?

मी तीनही दिवस सगळं अंथरूण स्वतः घातलं. तुझी आई आता काहीच वजनाची नाही. ओल्या चादरीला तिच्यापेक्षा जास्त भार असतो. माझ्या हातावर डोकं टेकून पडून राहते, डोळे मिटून. एवढं टोचतंय तरी तोंडातून तक्रार नाही. हा तिचा स्वभाव मला कधी आवडला नाही.

सोमवारी तिला इथून हलवायचं. तळ्याजवळच्या दातवाल्या बाईला फोन कर. मोठ्या सिस्टरला द्यायला तक्रारीचं पत्र तुझ्या चांगल्या भाषेत लिहून पाठव, माझ्या भाषेत लिहिलं तर पोलीस बोलावतील.

राग तुझ्यावर नाही,
तुझी आजी


२७ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीन वेळा लिहिले आणि तीन वेळा फाडले.

आईला हलवू नकोस. मी तळ्याकडे फोन केलेला नाही आणि करणार नाही. तक्रारीचे पत्रही लिहिणार नाही. डॉक्टर म्हणतात की आता गाडीतला प्रवास तिला झेपायचा नाही. ते खरेच आहे, पण कारण तेवढेच नाही. दुसरे कारण विचारू नकोस.

तू रोज जा. चादर चुकीची असली तर तूच नीट घाल. मावशीला मात्र बोलू नकोस, माझी शपथ आहे. मी माझ्या यादीत त्यांचे सगळे गुण पूर्ण केले आहेत.

साहेबांना आज सांगितले की मी एक तारखेला निघते, रजा द्या किंवा देऊ नका. ते म्हणाले की झाकणांचे काय. मी म्हटले, झाकणे लागतील तशी लागतील. रडू येते का ते तू विचारले होतेस. येत नाही.

तुझी,
घुमी


२० एप्रिल

चि. घुमीस,
अ. उ. आ.

तू परत गेलीस त्याला आठवडा झाला. तुझा निळा टॉवेल इथेच राहिलाय, धुऊन ठेवलाय. तीनदा.

डेपोमागच्या घराकडून एक छापील कागद आलाय. आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच आकड्यांवर खूण करा. तुझ्यासारखंच कोणीतरी तिथेही बसलेलं दिसतं. खूण करताना तुला काही सांगावंसं वाटलं. तू इथे होतीस तेव्हा सांगता आलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी तू खाली डॉक्टरांकडे गेली होतीस. तुझ्या आईला आदल्या दुपारपासून शुद्ध नव्हती. मी दहाला वर गेले, नेहमीसारखी पांघरूण उचलून बघितलं. ठिगळ पायाकडे. चारही कोपरे घट्ट, एक सुरकुती नाही. म्हणजे सगळं बरोबर होतं.

मी तशीच उभी राहिले. मग चष्मेवालीकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. अडतीस वर्षं मी चादरी हाताळल्या, असे कोपरे घालणारा हात दहा-बारा दिवस रोज एकच चूक करत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी तिला धरून विचारलं. तिने माझ्या कानाशी येऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली की आज सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून चादर नीट घातली.

चादरीत काही दोष नव्हता. तरी मी ती काढली. तुझ्या आईला कुशीवर घेतलं, छातीशी धरलं आणि काढली. मग तीच परत घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. तू वर आलीस तेव्हा विचारलंस की चादर चुकली होती का, आणि मी हो म्हटलं. ते खोटं होतं. दुपारी दोनला ती गेली, तेव्हा तू तिथे होतीसच.

आता तो कागद. औषध वेळेवर दिलं का, पाच. बोलावल्यावर आले का, पाच. स्वच्छता, चार, डागांपायी. तो एक गुण माझ्या मर्जीने कापत नाही, खरं ते लिहावं लागतं. सगळ्यात खाली विचारलंय की सेवेत काही उणीव आढळली का, असल्यास लिहा. दोन ओळींची जागा आहे. मी लिहिलंय की शेवटच्या दिवशी माझ्या पोरीची चादर बरोबर घातली होती.

त्यांना कळायचं नाही. चष्मेवालीला कळेल. आज टपालात टाकते.

टॉवेल न्यायला ये. धाडणार नाही.

तुझी आजी