शाळाबंदीचे फायदे

२ जुलै २०२०
शाळा बंदच राहणार. गौरी, म्हणजे आमची सूनबाई, काळजीत. इशिता यंदा इथल्या हिंदी शाळेत पहिलीत गेली, अक्षरं जुळवायचं हेच वर्ष आहे म्हणाली. तिची स्वतःची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी. मी सांगितलं, निश्चिंत राहा. सिंचाई विभागात असताना कोसभर लांब कालवे काढले, एका पोरीला वाचायला शिकवणं म्हणजे काय? उद्या सकाळी सहापासून घरची शाळा.

३ जुलै, सकाळी ९
आठवड्याच्या शेवटी सुरुवात करणं बरं नाही. सोमवारपासून.

१३ जुलै
ऑनलाइन वर्ग सुरू. मागे भैरवगढची छापील चादर टांगली, बॅकग्राउंड झकास. देवश्री मॅडमनी स्क्रीनवरचं वाक्य वाचायला सांगितलं. इशिता गप्प. मी फोनच्या मागे उभा होतो. नुसते ओठ हलवले, आवाज अजिबात नाही. पोरीने घडाघडा म्हणून टाकलं. मॅडम खूश.
ही मदत नव्हे. इशारा.

१४ जुलै
विजयाने विचारलं, वर्ग नातीचा आहे की आजोबांचा. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने एकदाही कौतुक केलेलं नाही, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

९ सप्टेंबर
पोरीची प्रगती जबरदस्त. सुरुवातीला तोंड मोठं उघडावं लागायचं, आता पान चघळता चघळता सांगितलं तरी कळतं. टेस्टमध्ये पूर्ण मार्क. अक्षरांची वही मात्र कोरी राहिली. उद्यापासून रोज एक पान लिहून घेणार.

११ सप्टेंबर
इशिता अंगठा दुखतो म्हणाली. वही सोमवारपासून.

२२ जानेवारी २०२१
शेजारचे दिलीपराव भेटले. म्हणे त्यांचा नातू लोकांशी बोलायचंच विसरलाय, शाळा बंद ठेवून पोरांचं फार नुकसान झालं. मी फायदे सांगितले: दप्तराचं ओझं नाही, डोक्यात उवा नाहीत, ऑटोत कोंबून जाणं नाही, पोहे घरी गरम मिळतात. त्यांना पटलं नाही. खात्री करावी म्हणून संध्याकाळी इशिता काय करत होती ते पाहिलं. घरातल्या सगळ्या चपला रांगेत लावून स्वतः शेवटी उभी, हात जोडून. प्रार्थना चालली होती. कल्पनाशक्ती वाढते, हाही एक फायदा.

२४ एप्रिल
गौरी हॉस्पिटलमध्येच राहते आहे. फोनवर दोन शब्द बोलते आणि ठेवते. इशिताने विचारलं, शाळा कधी. मी म्हटलं, ही काय घरचीच शाळा. मग आज वर्ग घेतला नाही. मलाच जमलं नाही.

१६ ऑगस्ट
आपल्या मराठी मंडळात व्याख्यानमाला, झूमवर. विषय: 'शाळाबंदी: लाभ की हानी?' हानीवर दिलीपराव, लाभावर अस्मादिक. शेवटी इशिता स्वतः धडा वाचून दाखवेल. पुरावाच सादर करायचा, म्हणजे वादच मिटला.

२० सप्टेंबर
शाळा उघडली. नवा युनिफॉर्म टावर चौकातून आणला. जुना आखूड झाला, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पोरगी गेटमधून मागे वळून न बघता धावत गेली. दुसरीत.
व्याख्यान रविवारी. तयारी उद्यापासून.

२२ सप्टेंबर
देवश्री मॅडमनी शाळेत बोलावलं. गौरी आणि मी गेलो. मॅडम म्हणाल्या, ऑनलाइनमध्ये ही वर्गात पहिली. इथे पुस्तक पुढे ठेवलं, तर पुस्तकाकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघत बसते. मग मला म्हणाली, "मॅडम, आप मास्क नीचे करो ना. होंठ नहीं दिख रहे, पढ़ूँ कैसे?"
मी म्हटलं, निरीक्षणशक्ती चांगली आहे.
इशिताला काही दिवस पहिलीच्या मुलांबरोबर बसवणार आहेत. परत येताना ऑटोत गौरी एकच वाक्य बोलली. "बाबा, मी तुमच्या भरवशावर होते." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

२६ सप्टेंबर, संध्याकाळी
दिलीपरावांना घसा बसल्याचं कळवलं. लाभाची बाजू मांडायला कोणी मिळालं नाही.
विजयाने नवा नियम केलाय. इशिता अभ्यासाला बसली की मी मास्क लावायचा, घरातसुद्धा. समोर बसायची परवानगी आहे. आज पोरीने हिंदीचं पुस्तक उघडलं आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली, शब्दावर बोट ठेवलं. म... ट... मधे इतकी थांबली की मला राहवेना. मास्कच्या आत माझे ओठ हललेच. तिला दिसले नाहीत.
"र," ती म्हणाली. "मटर."