मऊ रबर, कडक रबर आणि आमची सुलू

मी, धर्माजी गोविंद शिगवण, वय एकसष्ट, धंदा टायर रिमोल्डचा, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याचा, मूळ गाव तालुका गुहागर, हल्ली मुक्काम गोडदेव, भाईंदर, तालुका ठाणे, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. दडपण नाही, काळजी आहे. पुढच्या आठवड्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. "हर्नियाला कोणी मृत्युपत्र करतं का?" असे माझी पत्नी चंपा म्हणते. मी करतो. खरी धास्ती ऑपरेशनची नाहीच. आमची एकुलती एक मुलगी सुलू फेब्रुवारीत मद्रासकडे शोलावरमला मोटारींच्या शर्यतीत उतरणार आहे आणि त्या दिवशी टायर निवडायला मी तिथे नसेन.

१. गोडदेवचे राहते घर आणि परसातली विहीर चंपाला. माझ्या कपड्यांचा जळक्या रबराचा वास काढता काढता तिचे हात झिजले. घरावर तिच्याइतका हक्क कोणाचाच नाही.

२. दुकान, भट्टी आणि साचे सुलूला. माझा चुलतभाऊ धाकू याने दुकानात ढवळाढवळ करू नये. कारण सांगतो. शर्यतीच्या टायरला खाचा नसतात, तो नवा असतानाच गुळगुळीत असतो. तीन वर्षांपूर्वी असे चार टायर भट्टीतून काढून मी भिंतीला लावले आणि जेवायला गेलो. धाकूला वाटले, झिजून टकले झालेले टायर आहेत. त्याने सुरी तापवून चारही टायरांवर खाचा पाडल्या आणि मी आल्यावर म्हणतो, "दादा, बघ कसे नव्यासारखे करून ठेवले!" करायला गेला गणपती, झाला मारुती. वर सुलूला म्हणाला, "पोरीच्या जातीनं गाड्या कसल्या पळवायच्या?" पहिले मी विसरलो, दुसरे विसरणार नाही.

३. शर्यतीचे टायर सुलूलाच, पण नीट वाचून.

पिवळ्या खडूची खूण ते मऊ रबराचे. नख दाबले की वण उठतो. मैदानात ड्रम मांडून घड्याळावर एकेक गाडी सोडतात, त्याला शर्यतवाले ऑटोक्रॉस म्हणतात. तिथे मिनिटभरात खेळ संपतो, टायर तापायला सवडच नसते. मऊ रबर थंड असतानाही जमीन धरते, म्हणून तिथे हेच लावावे. लांब शर्यतीत मात्र पाच-सहा फेऱ्यांत ते तापून लोण्यासारखे होते आणि गाडी वळणाच्या बाहेर ओढली जाते.

पांढरी खूण ते कडक. झिजता झिजत नाहीत, पण तापेपर्यंत त्यांचा भरवसा नाही. निळी खूण ते मधले. शोलावरमला निळेच लावावेत. तिथे विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत होते; ती ओली असेल तर यांतला एकही लावू नये, पाणी कापायला खाच नसते.

सुलूला शोलावरमलाही मऊच हवेत. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, पहिल्याच फेरीत पुढे गेले की मागून कोण पकडतंय मला?"

"आणि सहाव्या फेरीत?"

"सहावीचं सहावीत बघू."

त्या वाक्याने माझी झोप उडाली आहे. उत्तनचा कॉन्रॅड, ज्याने तिची जुनी फियाट शर्यतीसाठी उघडून बांधली, तो मला समजावतो, "शेठ, पोरीचा हात चांगला हाय. तुमच्या काळजीनं रबर कडक व्हायचा न्हाय." खरे आहे. पण काळजी करणे माझ्या हातात आहे का?

हा कागद लिहायला घरी आलेले वकीलसाहेब हसले. म्हणाले, "शिगवण, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. शर्यत पुढच्या महिन्यात आहे." मी म्हटले, तरी लिहा. माझे तोंडचे ती ऐकत नाही, लिहिलेले कदाचित वाचेल.

४. कॉन्रॅडला माझा जॅक द्यायचा होता. पण तो साक्षीदार आहे, त्याला काही ठेवता येत नाही म्हणतात. त्याने मनात काही आणू नये.

५. वकीलसाहेबांनी विचारले, "सुलू तुमच्या आधी गेली तर दुकान कोणाला? हे कलम सगळेच घालतात." मी उठून बाहेर ओट्यावर गेलो. चंपा तिथे तांदूळ निवडत होती. तिने ऐकले होते. सुपातला हात तसाच थांबला होता.

आत येऊन मी म्हटले, नाही घालायचे. ते म्हणाले, उद्या भांडणे होतील. होऊ देत. सरकारजमा झाले तरी चालेल. बाप आधी जातो, एवढ्या एकाच भरवशावर हा कागद लिहिला आहे. दुसऱ्या कोणत्याही क्रमाखाली मी सही करणार नाही. सुलूनंतर दुकान कोणाला, त्या नावाची जागा कोरी सोडली आहे. माझ्यामागे कोणीही तिथे एक अक्षर भरू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे.

मुक्काम भाईंदर, दिनांक १९ जानेवारी १९७७

सही: धर्माजी गोविंद शिगवण

आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. कॉन्रॅड मॅथ्यू घोन्साल्विस, राहणार उत्तन
२. बाबाजी रामू म्हात्रे, राहणार खारी