तेव्हा नसलेली खोली

अण्णा,

“राहत्या घराची किंमत काढायची नसते,” असं तुम्ही म्हणाला होतात. स्वयंपाकघरात पाटावर बसून आईला लसूण सोलून देत होतात. मी बावीस वर्षांची, हातात बँकेने दिलेली कागदांची यादी. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. कर्जासाठी घर तारण ठेवायचं होतं आणि त्यासाठी व्हॅल्युअरला बोलावून घराची किंमत काढून घ्यायची होती. तुम्ही यादी हातातसुद्धा घेतली नाहीत. ते एक वाक्य बोललात आणि पुढची पाकळी सोलायला लागलात. नंतरचे दोन महिने मी तुमच्याशी आईमार्फत बोलले. “त्यांना सांग, पान वाढलंय.” तुम्ही समोरच बसलेले असायचात.

मी गेले नाही. इथल्याच कॉलेजात शिकवू लागले. दोन वर्षांनी तुम्ही माझ्यासाठी गच्चीवर खोली बांधलीत. पूर्वेला खिडकी, भिंतीतच पुस्तकांचे कप्पे. रजा काढून गवंड्यापाशी दिवसभर उभे राहायचात, आणि कप्प्यांची उंची माझ्या हाताला पुरेल अशी असावी म्हणून मला दोनदा वर बोलावलं होतंत. मी हात वर करून दाखवला आणि तशीच खाली आले. मला ती खोली लाच वाटत होती. लग्न होईपर्यंत तिथे राहिले, पण ‘छान झालीय’ एवढंही तुम्हाला कधी म्हणाले नाही.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. आई गेल्या दिवाळीनंतर गेली. धाकटा पुण्यात, मी गंगापूर रोडला, आणि नाशिकरोडचं घर बंद. विकायचं ठरलं, तेव्हा कळलं की इतकं जुनं घर विकताना कर ठरवायला दोन हजार एक सालातली त्याची किंमत लागते. ती आपण आपल्या मनाने सांगून चालत नाही, व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो. मी यादी घेऊन तुमच्यासमोर उभी होते ते हेच साल, अण्णा. तुम्ही जी किंमत काढू दिली नाहीत, तीच आता आम्हाला हवी होती.

व्हॅल्युअर येणार त्याच्या आदल्या दिवशी धाकट्याचा फोन आला. “ताई, वरच्या खोलीच्या बांधकामाची एकही पावती सापडत नाहीये. तू सरळ सांग, तेव्हा होती म्हणून. किंमत वाढेल, कर कमी बसेल. बघायला कोण येतंय?”

“अण्णा,” मी म्हटलं.

“झालं! अण्णांनी जन्मभर लोकांचे काटे तपासले. मिळालं काय? एक स्कूटर.”

मला हसू आलं. तो चुकीचं बोलत नव्हता. वजनमापांचे निरीक्षक म्हणून तुम्ही चांदवड, सटाणा, नामपूर असे बाजार फिरायचात आणि दुकानदारांनी दिलेला चहासुद्धा घ्यायचा नाहीत. मी आठ वर्षांची असताना भाजीवालीकडून वर चार मिरच्या मागून घेतल्या, तर तुम्ही मला त्या परत द्यायला लावल्यात. भाजीवाली म्हणाली, “राहू द्या साहेब, पोरगी हाय.” तुम्ही म्हणालात, “म्हणूनच.”

व्हॅल्युअर येतात ते सकाळी अकराला. सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर कानटोपी, खिशात टेप. प्रत्येक भिंतीवर बोटांनी टकटक करत फिरतात. देवळालीकडे तोफांचा सराव चालू आहे. खिडकीची तावदानं थरथरतात, आणि ते भिंतीतल्या भेगेकडे बघत म्हणतात, “ही तोफांची नाही, पायाची आहे. लोक उगाच लष्कराला नावं ठेवतात.” मग चहाचा कप घेताना, “आम्ही घरमालकाला तीनदाच आठवतो, मॅडम. कर्ज, वाटणी, विक्री. एरवी कोण बोलावतंय?”

आम्ही गच्चीवर जातो. ते वहीत काढलेला आराखडा बघतात, मग खोलीकडे बघतात.

“ही तेव्हा होती?”

“होती,” मी म्हणते.

ते लिहीत नाहीत. पेनाला टोपण लावतात आणि कट्ट्यावर टेकतात.

“नव्हती, मॅडम. मी त्या साली येऊन गेलोय इथे. तुम्ही कॉलेजात गेला होतात, म्हणून दुपारी बोलावलं होतं तुमच्या वडिलांनी.”

 ते पुढे सांगतात, “लक्षात राहायचं कारण सांगतो. नामपूरला माझ्या सासऱ्यांचं दुकान. तुमच्या वडिलांनी त्यांचा काटा जप्त केलेला. आणि तोच माणूस इथे उभं राहून मला म्हणतो, ‘वर एक खोली बांधणारच आहे साहेब, आत्ताच धरा ना.’ बँकेला हवी होती तेवढी किंमत घराची होत नव्हती. मी म्हटलं, नसलेली खोली कशी धरू? तीनदा विचारलं त्यांनी. तिसऱ्यांदा तर माझ्याकडे बघतही नव्हते. जाताना म्हणाले, मुलीला कळू देऊ नका. खरं सांगू? तेव्हा मला जरा मजा वाटली होती. आता नाही वाटत.”

म्हणजे तुम्ही लसूण सोलत बसला होतात, त्याच्या आधीच ते येऊन गेले असणार. यादी तुम्ही हातात घेतली नाहीत, कारण तिच्यातलं सगळं तुम्ही आधीच करून बघितलं होतंत. घर पुरत नाही हे मला सांगण्यापेक्षा मी तुमच्यावर रागावलेलं तुम्हाला चाललं. वीस-बावीस वर्षं मी रागावलेही, अगदी मन लावून.

“नव्हती,” मी म्हणाले. “लिहा तुम्ही. खोली नंतरची आहे.” धाकटा फोनवर चिडला, “ताई, तू अण्णांवरच गेलीस.” तुम्ही काय मागितलं होतंत ते मी त्याला सांगितलं नाही. ते मला माझ्यापाशीच ठेवायचं आहे. रिपोर्ट आला, त्यात खोली नाही. पुढच्या आठवड्यात खरेदीखत आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे कबूल करते. ‘होती’ म्हणाले ते धाकट्यासाठी नव्हे, कराच्या पैशांसाठीही नव्हे. मी अबोला धरला त्या साली तुम्ही होतात आणि माझ्यासाठी खोलीही होती, असं एकदा कुठेतरी लिहिलेलं मला हवं होतं. क्षमा मागत नाही, तुम्ही ती मागायच्या आधीच देऊन मोकळे व्हाल. मला दुसरंच हवंय. त्या दुपारी गच्चीवर तुम्ही जे तीनदा मागितलंत, ते एकदा माझ्यासमोर मागा. त्या वेळी तुमचा आवाज कसा झाला होता, तो मला ऐकू द्या. तुम्ही नाहीच म्हणाल. मान खाली घालून म्हणाल, पण नाहीच म्हणाल.